कायगेन, दुसरा प्रयत्न

१२ टक्के. गेल्या वर्षी पुस्तक एवढंच वाचून नेमकं इथेच किंडल मिटलं होतं. ‘द सोर्ड ऑफ कायगेन’ वाचलेल्या कुणालाही विचारा, सुरुवातीबद्दल एकच उत्तर मिळतं: दम धर. एम. एल. वांग यांनी २०१९ मध्ये स्वतःच प्रकाशित केलेली ही साडेसहाशे पानांच्या आसपासची कादंबरी. स्वप्रकाशित फँटसीच्या एसपीएफबीओ स्पर्धेत ३०० पुस्तकांतून पहिली आलेली, त्यामुळे कपाळाला आठ्या घालून का होईना, पुन्हा उघडली.

(पुढे थोडे स्पॉयलर आहेत. कोण जगतं, कोण नाही, ते मात्र सांगणार नाही.)

१९ टक्के. अडचण शब्दांची आहे. जिजाकालू, ताजाकालू, फोन्याकालू: पाण्याची, आगीची आणि वाऱ्याची शक्ती असलेले लोक. वेळेला ‘वाती’. मागे शब्दसूची आहे, पण किंडलवर मागे-पुढे करताना माझं बोट दुखलं. मग एक गंमत कळली. जपानी वळणाच्या गावात हे शब्द चक्क पश्चिम आफ्रिकेतून आलेत. माली देशाच्या बांबारा भाषेत ‘जी’ म्हणजे पाणी, ‘ता’ म्हणजे आग, ‘फोन्यो’ म्हणजे वारा. कादंबरीच्या जगात सत्तेची आणि व्यवहाराची भाषा तिकडची, इंग्रजीची जागा तिने घेतलेली. आणि बांबारातला ‘वाती’ अरबी ‘वक्त’वरून आलेला, म्हणजे आपल्या आजीच्या ‘वखता’चा चुलतभाऊच! त्या दिवसापासून शब्दसूची उघडली नाही.

२७ टक्के. ताकायुबी हे कायगेन साम्राज्यातलं डोंगरावरचं गाव. जुने वाडे, तलवारी, घराण्यांची इभ्रत. मात्र हा काळ जुना नव्हे. याच जगात विमानं उडतात, टॉवर उभे राहतात. बाहेरून आलेला क्वांग नावाचा मुलगा वर्गात सांगतो की तुमच्या पाठ्यपुस्तकातला युद्धाचा इतिहास खोटा आहे. चौदा वर्षांचा मामोरू आधी त्याला बडवतो, मग त्याची झोप उडते. ही मारामारी आणि मास्तरांची व्याख्यानं जरा लांबली आहेत. एखाद्या संपादकाने इथली चाळीसेक पानं तरी कापली असती.

पण मिसाकी! मामोरूची आई, चार मुलगे, घुमा नवरा, खाष्ट सासरा. चूल आणि मूल. तरुणपणी परदेशात शिकायला असताना ही बाई रात्री गल्ल्यांतून गुन्हेगारांशी तलवारीने लढायची, आणि ती तलवार आता स्वयंपाकघरातल्या फळ्यांखाली दडवलेली आहे. भांडी घासता घासता तिचं लक्ष त्या फळ्यांकडे जातं, तेव्हा मला तिचा रागही आला आणि कळवळाही. आपण निवडलेलं नसलेलं घर नेटाने सांभाळणाऱ्या अशा बायका मी लग्नकार्यात ओळीने बसलेल्या पाहिल्या आहेत. तिची जाऊ सेत्सुको मात्र झकास. ती आली की पान हसतं.

निम्मं पुस्तक. हल्ला झाला. रात्री अकराला ‘एक प्रकरण फक्त’ म्हणून बसले आणि पावणेतीनला उठले. वारं फिरवणारे सैनिक खालून वर येतात आणि ज्या मुलांची नावं मी एवढा वेळ कंटाळून वाचत होते, ती एकेक करून समोर उभी राहतात. सुरुवातीचा संथपणा इथे वसूल होतो, व्याजासकट. मामोरूच्या मात्सुदा घराण्याची ती बर्फाची पाती, जी पोलाद कापते, तिचं काय होतं ते तुम्हीच वाचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे सुजलेले होते. ऍलर्जी म्हणून सांगितलं.

७४ टक्के. लढाई संपली आणि पुस्तक संपलं नाही! माझ्यासाठी खरं पुस्तक इथून सुरू झालं. प्रेतं उचलायची आहेत, उरलेल्यांना जेवू घालायचं आहे, आणि सरकारी माणूस येऊन बजावतो की झाल्या प्रकाराची वाच्यता करायची नाही. मिसाकी आणि ताकेरू, पंधराएक वर्षं एका छताखाली राहून एकमेकांशी धड न बोललेले नवरा-बायको, पहिल्यांदा समोरासमोर येतात. कसे, ते सांगत नाही. मोठ्या प्रकाशनाने ‘लढाईनंतर पन्नास पानांत आटपा’ म्हटलं असतं, असा माझा दाट संशय. म्हणजे सुरुवातीचा पसारा ज्या मोकळिकीमुळे आला, त्याच मोकळिकीमुळे हा भागही वाचला. चाळीस पानं कापण्याचं माझं वरचं म्हणणं मी निम्मं मागे घेते. व्याख्यानं अजूनही कापावीत.

१०० टक्के. शेवटच्या काही प्रकरणांत जुन्या ओळखीचं माणूस येतं, एक नवंच रहस्य उघडतं आणि लटकत राहतं. ही गोष्ट वांग यांच्या थिओनाइट मालिकेला जोडलेली. ती मालिका त्यांनी पुढे सोडून दिली. म्हणजे ती टोकं आता कायमची सुटलेली. मिसाकीची गोष्ट पुरी झाली आहे, पण ती प्रकरणं वाचताना पाहुणे निघता निघता दारात उभं राहून नवा विषय काढतात, तसं झालं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण दारातल्या पाहुण्यांचा.

पुढचं: त्यांचीच ‘ब्लड ओव्हर ब्राइट हेवन’. तीही २०२३ मध्ये आधी स्वतःच प्रकाशित केलेली. एकटी कादंबरी आहे, मालिका नाही. या खेपेला ते आधीच तपासून घेतलंय.