आमची वाटचाल : कोन फिल्टरचा तो उन्हाळा

इचलकरंजीत गॅरेज चालवायचं म्हणजे एअर क्लीनरशी रोजची गाठ. मागावरचा कापसाचा तंतू उडून फिल्टरच्या कागदावर थर धरतो, त्यावर उसाच्या फडाकडच्या रस्त्यांची माती बसते. ९७.२ सीसीचं स्प्लेंडरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ६,००० आरपीएमवर मिनिटाला २९० लिटरच्या आसपास हवा ओढतं. त्यातली माती आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) पॉलिश पेपरनं घासल्यासारखे झिजतात.

गॅरेज बुडायला आलं ते मात्र मातीनं नाही, कोन फिल्टरनं. आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानानं फिल्टरचा डबा काढून कोन, म्हणजे थेट कार्बोरेटरवर बसणारा उघडा शंकूसारखा फिल्टर, लावायचा सपाटा लावला. आवाज वाढतो, म्हणून पोरांना पिकअप वाढल्यासारखा वाटतो. खरं तर डब्याचं आकारमान आणि नळीची लांबी मधल्या आरपीएमची ओढ राखायला ठरवलेली असते. डबा गेला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं आणि मिश्रण पातळ होतं. पूर्ण ताकदीला वजनानं साधारण १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. त्यापेक्षा पातळ झालं की प्लग पांढरा पडतो, हेड तापतं, पिस्टन धरतं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतं.

धरलेली इंजिनं आमच्याकडे यायची. आम्ही रिबोअर करून, म्हणजे बोअर थोडा मोठा कोरून, ०.२५ मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन घालून द्यायचो, गिऱ्हाईक कोन तसाच ठेवायचं आणि इंजिन पुन्हा धरायचं. बोल आमच्या बोअरिंगला लागला. पिस्टन पदरचे घालून दिले, मशीनचे हप्ते थकले. त्या दुकानानं एकदाही मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बदललं नव्हतं, हे अजून सलतं.

शेवटी नियम केला: मूळ डबा बसवल्याशिवाय रिबोअर नाही. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. टिकले त्यांतले एक दूधवाले मामा. दोन कॅन लादून रोज कच्च्या रस्त्यानं येणार, दर पंधरवड्याला डबा उघडून घेणार. पुढची वर्षं बरी गेली.

कोन लावायचाच असेल तर मेन जेट एक-दोन नंबर मोठं घ्या, साध्या स्लाइड कार्बोरेटरला सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला गाडी चालवून क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग पाहा. तो फिका तपकिरी हवा. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर सगळं सांभाळेल, असं समजू नका. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बहुधा त्याचं ऐकत नाही.

फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, तळहातात दाबा. सुकला की इंजिन ऑइलमध्ये बुडवून जादा तेल दाबून काढा. तेल लावलेल्या कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका, तो सरळ बदला. आणि फिल्टर नवा असूनही प्लग पांढराच येत असेल, तर कार्बोरेटरमागची, डब्याला जोडणारी रबरी नळी बाहेर काढून वाकवून बघा. बारीक चीर वाकवल्यावरच उघडते. मामांच्या गाडीत ती क्लॅम्पखाली निघाली होती.