घराभोवतीचे कुंपण स्वतः घालताना

घराभोवतीची जाळी बसवायला मला दोन दिवस लागले आणि त्या जाळीचे खांब उभे करायला जवळजवळ सहा आठवडे. काम हाती घेण्यापूर्वी माझा अंदाज नेमका उलटा होता. जाळी ताणणे हेच जिकिरीचे काम, खांबांचे काय, खड्डा खणायचा, खांब उभा करायचा आणि काँक्रीट ओतायचे, असे मी धरून चाललो होतो. या एका गृहीतापायी मला दोन खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट उकरून पुन्हा रोवावे लागले. हा अनुभव लिहिताना त्यामुळेच जाळीपेक्षा खांबांबद्दल, आणि त्यातही कोपऱ्याच्या खांबांबद्दल, अधिक लिहिले जाणार आहे.

घरासमोर बुटकी भिंत आणि मोठे फाटक आधीपासून होते. उघड्या होत्या त्या उरलेल्या तीन बाजू: दोन्ही कडेच्या १८-१८ मीटर आणि मागची १२ मीटर. भटकी जनावरे आत येऊ नयेत, घरातले लहान मूल नजर चुकवून बाहेर जाऊ नये आणि हद्द डोळ्यांना दिसावी, एवढीच गरज होती. आडोसा नको होता. आडोसा नको हे एकदा ठरले की निम्मे पर्याय आपोआप गळतात. फळ्यांचे किंवा पत्र्याचे भरीव कुंपण वारा अडवते आणि अडवलेल्या वाऱ्याचा सगळा जोर खांबाच्या बुडाशी येतो. एकट्याने घातलेल्या कुंपणावर तो जोर घेण्याची माझी तयारी नव्हती. लाकडी खांब जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, नेमके तिथेच सडतात. काटेरी तार स्वस्त आणि सोपी असली तरी खेळत्या मुलाच्या घराला ती शोभत नाही. झाडांची कुंपणवई दिसायला सर्वांत सुंदर, पण ती दाट व्हायला काही वर्षे जातात आणि नंतर कात्री हातातून सुटत नाही. उरली ती लोखंडी अँगलच्या, म्हणजे काटकोनात दुमडलेल्या पट्टीच्या, खांबांवरची चेनलिंक जाळी, आणि तीच मी निवडली. उंची दीड मीटर, डोळा, म्हणजे जाळीचे एक भोक, ५० मिलिमीटरचा.

जाळी विकत घेताना गेजच्या, म्हणजे तारेची जाडी सांगणाऱ्या, आकड्याने माझी थोडी फसगत होणार होती. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे ठाऊक नसले की १२ गेज ही १० गेजपेक्षा भक्कम वाटते. प्रत्यक्षात १० गेजची तार साधारण सव्वातीन मिलिमीटर जाडीची आणि १२ गेजची अडीच मिलिमीटरच्या किंचित वर असते. ऐकायला हा फरक नगण्य वाटतो, पण तारेचे बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि त्या हिशोबाने १० गेजच्या तारेत जवळपास दीडपट पोलाद असते. शिवाय गेज मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. म्हणून मी आकड्याच्या भानगडीत न पडता व्हर्नियर कॅलिपर खिशात घालून गेलो आणि मिलिमीटरमध्येच मोजून घेतले. जस्ताचा लेप आहे की नुसता चंदेरी रंग, हेही तिथेच पाहून घ्यावे. जस्ताचे वैशिष्ट्य असे की त्यावर लहानसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि आतले लोखंड वाचवते. रंगाला ते जमत नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात हद्दीपासून झाली. चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड जाग्यावर नव्हता. नकाशावरची मापे घेऊन, शेजारच्या काकांना सोबत उभे करून आणि त्यांच्या देखत दोन बाजूंनी फीत टाकून आम्ही तो बिंदू नक्की केला. हे काम आपल्या आपण उरकता आले असते, पण कुंपण ज्याच्या शेजारून जाणार त्याने मोजणी स्वतः पाहिलेली असली की पुढची कटकट टळते. कुंपणाची रेषा मी हद्दीपासून २५ सेंटिमीटर आत घेतली, कारण खांब आपल्या जागेत असला तरी त्याच्या पायाचे काँक्रीट शेजारच्या जमिनीत जाऊ शकते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

रेषेवर फक्की मारून झाल्यावर खांबांच्या जागा ठरवल्या. दोन खांबांतले अंतर अडीच मीटरच्या आत ठेवायचे होते. १८ मीटरच्या बाजूला सव्वादोन मीटरचे आठ गाळे बरोबर बसले. मागच्या बाजूला एक मीटरचे छोटे फाटक सोडून ११ मीटर उरत होते, त्यात २.२ मीटरचे पाच गाळे झाले, दोन फाटकाच्या अलीकडे आणि तीन पलीकडे. एकूण खांब २३. त्यांतले १७ मधले आणि ६ टोकाचे: दोन कोपरे, दोन्ही बाजूंचे शेवट आणि फाटकाचे दोन. हा १७ आणि ६ असा फरक मी कागदावर केला होता, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळलेला नव्हता. माझ्या लेखी सगळे खांब सारखेच होते, २.२ मीटर लांबीचे आणि ६० सेंटिमीटर जमिनीत.

खड्डे ३० सेंटिमीटर चौरस आणि ६० सेंटिमीटर खोल. पहिला खणायला अख्खी सकाळ गेली. वरची वीतभर माती कुदळीने सहज निघते, खाली मुरूम लागला की पहारच चालवावी लागते आणि सुटलेला माल हाताने किंवा डब्याने उपसावा लागतो, कारण एवढ्या अरुंद खड्ड्यात फावडे वळत नाही. घरात येणारी पाण्याची पाईप कुठून जाते हे मला अंदाजाने माहीत होते, म्हणून त्या पट्ट्यात पहार बाजूला ठेवून खुरप्याने उकरले. पाईप खड्ड्याच्या अगदी कडेला निघाली, तेव्हा तो खांब २० सेंटिमीटर सरकवला. आजही तेवढे दोन गाळे इतरांपेक्षा वेगळे आहेत, पण सांगितल्याशिवाय कोणाला दिसत नाहीत.

काँक्रीटचे प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असे ठेवले. पाणी जपून घातले. पातळ कालवलेले काँक्रीट ओतायला सोपे जाते, पण त्याची ताकद कमी भरते. खड्ड्यात ते थराथराने घालून प्रत्येक थर सळईने कोचला, म्हणजे आत हवा कोंडून राहत नाही. खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावायचा, दगडांच्या पाचरांनी तो धरून ठेवायचा आणि काँक्रीट भरताना पुन्हा पुन्हा ओळंब्याकडे पाहायचे. जमिनीच्या वर चार-पाच सेंटिमीटर काँक्रीट उचलून थापीने त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, कारण अँगलच्या बुडाशी पाणी साचले की गंज तिथूनच सुरू होतो.

सूत धरण्याची एक युक्ती मला दुसऱ्याच दिवशी उमगली. दोन टोकांच्या खांबांमध्ये दोरी ताणली आणि मधले खांब त्या दोरीला टेकवत गेलो, तर तिसऱ्या खांबापर्यंत दोरीच थोडी बाहेर ढकलली गेली होती आणि पुढचे खांब त्या वाकड्या दोरीच्या मागे जात होते. नंतर मी प्रत्येक खांब दोरीपासून एका जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीइतका दूर ठेवला. कार्ड अलगद सरकले पाहिजे, दोरी हलता कामा नये. असे केल्यावर शेवटच्या खांबापाशी उभे राहून एक डोळा मिटून पाहिले की नऊच्या नऊ खांब एकामागे एक लपत होते. जमिनीला १८ मीटरमध्ये ४० सेंटिमीटरचा उतार होता. तो लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजून घेतला आणि पायऱ्या न पाडता कुंपण उतारासोबतच नेले.

पहिली बाजू उभी राहिली आणि माझा उतावीळपणा आडवा आला. तीन दिवस पाणी मारल्यावर काँक्रीट हाताला दगडासारखे लागत होते. जाळी जिला बांधायची ती वरची आधाराची तार मी खांबांमधून ओवली, टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावले आणि आवळू लागलो. तार सुरात वाजू लागली तेव्हा समाधान वाटले, पण मागे वळून पाहिले तर कोपऱ्याचा खांब आत झुकला होता. ओळंबा लावला, माथ्याशी चार सेंटिमीटरचा फरक. बुडाशी काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. दुसऱ्या टोकाच्या खांबाचीही तीच गत.

काका तिथेच उभे होते. ते म्हणाले, “अहो, टेकू न देता तार कशी ताणलीत?” मी म्हणालो, “काका, एवढे काँक्रीट घातले आहे की!” त्यावर त्यांनी खांबाचा माथा हाताने दाबून दाखवला. “काँक्रीट हलले नाही, काँक्रीटखालची माती हलली.”

त्या वाक्याने कागदावरच्या १७ आणि ६ या आकड्यांचा अर्थ लागला. मधल्या खांबांना फक्त जाळी उभी धरायची असते; त्यांच्या दोन्ही बाजूंना सारखाच ताण असतो आणि तो एकमेकांना खातो. टोकाच्या खांबाला दुसरी बाजूच नसते. सगळ्या रांगेचा ताण त्या एकट्यावर येतो आणि तोही माथ्याशी, म्हणजे दीड मीटर लांबीच्या तरफेच्या टोकाशी, आणि त्याला अडवायला खाली जेमतेम ६० सेंटिमीटर माती असते. खांब पाडायला याहून चांगली रचना मुद्दाम शोधून सापडली नसती.

दोन्ही खांब काढण्यात एक शनिवार-रविवार गेला. नवे खांब २.४ मीटरचे घेतले, खड्डे ४५ सेंटिमीटर चौरस आणि ८० सेंटिमीटर खोल केले आणि टोकाच्या सहाही खांबांना अँगलचे तिरपे टेकू दिले. कोपऱ्यांना दोन-दोन, बाकीच्यांना एकेक, असे आठ. टेकूची दिशा महत्त्वाची आहे. तो कुंपणाच्या आडवा, म्हणजे अंगणात आलेला, काही उपयोगाचा नाही. ज्या बाजूने तार ओढते त्याच बाजूला, कुंपणाच्याच रेषेत, तो खांबाच्या वरच्या भागापासून जमिनीपर्यंत उतरला पाहिजे आणि त्याचे बूडही स्वतःच्या काँक्रीटमध्ये रुतले पाहिजे. उपटलेले दोन अँगल घणाने काँक्रीट फोडून मोकळे केले आणि त्यांचेच दोन टेकू झाले, एवढाच त्या चुकीतून परतावा. सगळे खड्डे सारखे धरून मी आठ गोण्या सिमेंटचा हिशोब केला होता. अखेर चौदा लागल्या.

या वेळी ताणण्याची घाई केली नाही. सात दिवसांत काँक्रीटमध्ये त्याच्या २८ दिवसांच्या ताकदीचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो, हे वाचून मी प्रत्येक बाजूला दहा दिवस दिले आणि तोवर खांबांच्या बुडाशी ओली गोणपाटे ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी मारले.

मग जाळी. तिची गुंडाळी १५ मीटरची असते, म्हणून १८ मीटरच्या बाजूला सांधा अटळ होता. चेनलिंक कापावी लागत नाही, हे मला फार आवडले. ती वेण्यांसारख्या नागमोडी तारांनी विणलेली असते. हवी ती एक तार हेरायची, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा आकडा पक्कडीने सरळ करायचा आणि तार मळसूत्रासारखी फिरवत वर काढायची. ती निघाली की जाळीचे दोन भाग अलग होतात. जोडताना हेच उलटे: दोन तुकड्यांच्या कडा जवळ आणून तीच तार वरून फिरवत खाली उतरवायची. पहिल्या वेळी माझी तार मध्येच एक डोळा चुकवून गेली आणि तिथे पाकळीएवढी जास्तीची फट राहिली. पुन्हा काढून घातली. नीट जमल्यावर सांधा कुठे आहे ते मलाच शोधावे लागते.

जाळीच्या कडेच्या डोळ्यांतून १० मिलिमीटरची सळई उभी ओवली, ती टोकाच्या खांबाला हुक-बोल्टने बांधली आणि दुसरे टोक हँड पुलरने, म्हणजे हाताने चालवायच्या ओढयंत्राने, ओढले. किती ओढायचे याचा माझा अंदाज असा, की एक डोळा दोन बोटांत दाबला तर तो अर्धा सेंटिमीटरच दबावा. त्यानंतर वरची, मधली आणि खालची अशा तीन आधाराच्या तारांना बाइंडिंग तारेने हातभर अंतरावर जाळी बांधली. उतारामुळे शेवटी डोळ्यांची रांग खांबाशी तीन सेंटिमीटर तिरकी आली, ती सळईने सहज सामावून घेतली. बांधणीच्या तारेची कापलेली टोके आत वळवली नाहीत तर कपडे आणि हात दोन्ही फाटतात. जिथे अँगल कापला किंवा भोक पाडले तिथे जस्ताच्या रंगाचा हात दिला.

छोट्या फाटकाची चौकट वेल्डरकडून करून घेतली. वेल्डिंग मला येत नाही आणि या वयात शिकायचेही नव्हते. जमीन ज्या दिशेला उतरते त्या दिशेला ते उघडते, नाहीतर अर्ध्यावरच जमिनीत घासले असते.

पावसाळा उलटल्यावर मी ओळंबा घेऊन सहाही टोकाचे खांब पुन्हा तपासले. पाच जसेच्या तसे होते, एक दोन मिलिमीटर झुकला होता आणि त्याच्या बाजूचे टर्नबकल अर्धा वेढा आवळावे लागले. मधल्यांपैकी एक अँगल मी पाठमोरा रोवला आहे, भोके अंगणाकडे. तिथे तारा खांबाला वळसा घालून जातात. काका फिरायला निघाले की त्या खांबाला हटकून हात लावतात, बोलत मात्र काही नाहीत.