तुम्ही विचारलंत म्हणून : साइट तर बनून झाली, मग दर वर्षी पैसे कशाचे?

मी वेबसाइट बनवते आणि सांभाळते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, क्लायंटच्या ऑफिसात विचारला जातो, आमच्या सोसायटीच्या जिन्यातही विचारला जातो. रूपं वेगळी असतात. दुकानदार म्हणतो, "मॅडम, साइट दिलीत, पैसे घेतलेत, आता एएमसी कशाची?" (एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार.) मावससासूबाई म्हणतात, "अजून वेबसाइटच करतेस का गं?" आणि आता भाचा म्हणतो, "मावशी, एआय दोन मिनिटांत साइट बनवून देतं. मी या लाइनमध्ये येऊ की नको?" तिघांच्याही मनात एकच समजूत असते: साइट एकदा बनली की काम संपलं. उभ्याउभ्या उत्तर देऊन मी थकले आहे. आज बसून देते.

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या एएमसीचा चेक दर वर्षी विनातक्रार जातो. वर्षभर लिफ्ट बंद पडली नाही, तर मग पैसे कशाचे, असं कोणी म्हणत नाही. लिफ्टचं यंत्र दिसतं, आवाज करतं. साइटच्या खालचं यंत्र दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि ते यंत्र जागच्या जागी राहत नाही. तुम्ही साइटवरचं अक्षरही हलवलं नाहीत तरी खालची जमीन सरकते. बऱ्याच साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतात. तिच्या 5.6 या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट मिळणं 2018च्या अखेरीस थांबलं, 7.4 ला नोव्हेंबर 2022मध्ये. होस्टिंगवाला, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हर भाड्याने देणारा, एका रात्री नव्या आवृत्तीवर जातो आणि जुन्या थीमची साइट सकाळी कोरी पांढरी दिसते. जुलै 2018पासून क्रोम एचटीटीपीवरच्या, म्हणजे माहिती उघडी पाठवणाऱ्या, प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायची सोय नव्हती, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य "तुम्ही काय केलंत?" हेच होतं. मी काही केलं नव्हतं. करायला सांगत होते, ते कोणी करू दिलं नव्हतं. हा शिक्का टाळायला एसएसएल सर्टिफिकेट लागतं. त्याची जास्तीत जास्त मुदत सप्टेंबर 2020मध्ये 398 दिवसांवर आली आणि ती टप्प्याटप्प्याने 2029पर्यंत 47 दिवसांवर आणायचं ठरलं आहे. ही तारीख कोणीतरी बघायची असते.

"आमची साइट एवढीशी, तिला कोण हॅक करणार?" हेही नेहमीचंच. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहेत. एखाद्या प्लगइनमधलं, म्हणजे त्याला जोडायच्या पुरवणी प्रोग्रॅममधलं, भोक जाहीर झालं की ते शोधत फिरणारे प्रोग्रॅम लगेच सुटतात. ते घरटी दार वाजवतात. घर कोणाचं, मोठं की लहान, हे त्यांना बघायचंच नसतं.

मराठी साइटचं दुखणं तर आणखी निराळं, आणि त्याबद्दल मला कोणी कधी विचारतही नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला कोड देणारी पद्धत, येण्याआधीचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असायचा. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरांचा कचरा उरायचा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये साइटबरोबरच फॉन्ट पाठवायची सोय होती, म्हणून तिथे ती वाचता यायची, दुसऱ्या ब्राउझरमध्ये नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टर भरपूर चुका करतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार आपलं अक्षर सोडून शेजारच्यावर जाऊन बसतो. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ मधला आडवा र मोडतो. मग ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट लिहिलं नाही, तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. लिहिलं, तर आपल्या वळणाचे येतात. वाचणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त कुठेतरी खटकत नाही. त्या न खटकण्यासाठी मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत आणि त्या मला वाया गेल्याशा वाटत नाहीत.

सुरुवातीला मी असं बोलत नव्हते, हेही सांगते. दादरच्या क्लासमध्ये ड्रीमविव्हर आणि फ्लॅश ही साइट आणि अॅनिमेशन बनवायची सॉफ्टवेअर शिकून बाहेर पडले तेव्हा मी स्वतःला डिझायनर म्हणत असे आणि सांभाळण्याचं काम आलं की दुसऱ्याकडे सरकवत असे. नवं बनवावं, पोर्टफोलिओत लावावं, पुढे जावं. त्या मुलीशी मी अजून मनात भांडते. तिचा अभिमान होता तो फ्लॅशमधल्या इंट्रोंचा: अक्षरं उडत यायची, मागे तबला वाजायचा. 31 डिसेंबर 2020ला अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि ते सगळं काम कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेनासं झालं. मी तिला म्हणते, बघ, जे सांभाळता येत नाही ते बनवून काय मिळवलंस? ती म्हणते, पैसे मिळवले. घरभाडं त्यातून गेलं. सांभाळण्याचे पैसे तुला आजही मागावे लागतात, बनवण्याचे लोक आपणहून देतात. यावर मला काही बोलता येत नाही, कारण ते खरं आहे.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

लालबाग-परळ भागात एक जुना ट्रस्ट आहे. नाव सांगणार नाही. दहावी-बारावी झालेल्या, ऐपत नसलेल्या घरांतल्या मुलांना ते शिष्यवृत्ती देतात. त्यांची साइट मी बनवली होती. पानं मोजकीच: ट्रस्टची माहिती, नियम, अर्ज, निवड झालेल्यांची यादी, संपर्क. चिटणीस निवृत्त शिक्षक. मी मजकूर चढवला की ते प्रत्येक पान छापून घ्यायचे आणि लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून मला कागद द्यायचे. असा क्लायंट मला पुन्हा भेटला नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, मी यायच्या आधीच घेतलेलं होतं, खजिनदारांच्या ओळखीतल्या एका मुलाने, स्वतःच्या ईमेलवर. तो मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला. मी लेखी कळवलं की डोमेन ट्रस्टच्या नावावर करून घ्या, नोंदणीचा ईमेल कोण बघतं ते मला सांगा. उत्तर आलं, "बघतो." पुढच्या वर्षी एएमसीचा विषय समितीपुढे गेला. वर्षभरात साइटमध्ये काहीच बदल नाही, मग खर्च का करायचा, असं ठरलं. मी पासवर्ड, संपूर्ण कॉपी आणि डोमेनची अडचण पुन्हा एकदा कागदावर लिहून दिली, पोच घेतली आणि काम संपवलं.

डोमेनची मुदत संपली की ते त्याच दिवशी हातचं जात नाही. .ओआरजीसारख्या नावांना बहुतेक कंपन्या महिना-सव्वा महिना सवड देतात. मग 30 दिवस दंड भरून सोडवता येतं. शेवटचे 5 दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येतं. विकणाऱ्या कंपनीला मुदतीच्या आधी दोनदा आणि नंतर एकदा आठवण करावीच लागते. आठवणी गेल्याही असतील, त्या मुलाच्या न उघडलेल्या ईमेलवर. ट्रस्टची मुदत फेब्रुवारीत संपली. साइट बंद पडली, पण अर्ज निकालानंतर सुरू होतात, त्यामुळे कोणी फिरकलंच नाही.

जूनमध्ये मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई. "ताई, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. ‘अर्ज भरा’ दाबलं की आधी पैसे जमा करा म्हणतंय. किती टाकायचे?"

मी साइट उघडली. माझीच साइट. तीच रंगसंगती, तेच चिटणीसांनी तपासलेले नियम, ऱ्हस्व-दीर्घासकट. कोणीतरी सुटलेलं डोमेन उचललं होतं, इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन झालेली जुनी पानं जशीच्या तशी चढवली होती आणि बटणाखाली पैसे लावून पत्ते खेळायच्या साइटची लिंक घातली होती. असं करणारे सर्रास असतात. जुन्या नावाची गूगलमधली पत त्यांना हवी असते. आणि तळाला, मी स्वतः टाकलेली ओळ: संकेतस्थळ निर्मिती, माझं नाव, माझा मोबाइल नंबर.

त्या बाईंना मी सांगितलं, काही भरू नका. त्या म्हणाल्या, "पण पत्रकावर हाच पत्ता छापलाय." छापलेला होताच. पत्रकं शाळांमध्ये वाटून झाली होती. दिवसभर फोन येत राहिले. एका मुलाने तर माझ्यावरच आवाज चढवला आणि मी त्याला काय बोलणार होते? त्याच्या दृष्टीने ती साइट माझी होती. कोणी खरोखर पैसे टाकले का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. जे फोन करतात त्यांचंच कळतं.

त्या रात्री माझ्याकडच्या कॉपीवरून साइट नव्या .इन डोमेनवर उभी केली, गूगलला आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीला तक्रारी केल्या, ट्रस्टला 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवायला सांगितलं. कोणी सांगितलं नव्हतं. पैसेही मागितले नाहीत. दोन दिवसांनी समितीची बैठक झाली, ट्रस्टच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खजिनदार म्हणाले, "खाली नाव तुमचं आहे, म्हणजे जबाबदारी तुमची." मी पोच घेतलेला कागद काढला आणि वाचून दाखवला. सगळा, तारखेसकट. वाचून दाखवल्याचा मला पश्चात्ताप नाही. मी न वाचता उठले असते तर ते वाक्य माझ्या नावावर कायमचं राहिलं असतं.

पण चिटणीस सर मान खाली घालून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "हे बरोबर आहे. पण बाई, तुम्हाला माहीत होतं ना? मग एक फोन का नाही केलात?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं: काम संपलं होतं, डोमेन माझ्या ताब्यात नव्हतं, दोनदा लेखी कळवलं होतं. आजही हेच देईन. तरी खजिनदारांचं बोलणं मी जिना उतरेपर्यंत विसरले होते आणि सरांचं अजून घेऊन फिरते आहे.

जुनं डोमेन परत मिळालं नाही. विपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार नेता येते, पण तिची फीच 1500 डॉलर, वर त्या नावावर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. ट्रस्टचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं नव्हतं. तेवढ्या पैशांत काही मुलांची वर्षाची फी भरली जाते, असं समितीने म्हटलं आणि मला ते पटलं. नवी पत्रकं छापली. त्यांची एएमसी आता माझ्याकडे आहे, चिटणीसांनी ती मंजूर करून घेतली.

तर पैसे कशाचे? तारखा बघण्याचे, बॅकअप घेण्याचे, आणि तो बॅकअप खरंच उभा राहतो का हे तपासण्याचे. संपर्काच्या फॉर्मवरून येणारे मेल स्पॅममध्ये जाऊन पडत नाहीत ना, हे बघण्याचे. काही बिघडलं तर फोन कोणी उचलायचा हे ठरलेलं असण्याचे. एआय पान बनवतं, चांगलं बनवतं, मीही वापरते. दुकानाची पाच पानांची साइट बनवून द्या, अशी कामं माझ्याकडे कमी झाली आहेत, हेही खरं आहे. पण डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि आठवणीचा मेल कोण उघडतं, हे बनवून देण्याचं काम नाही, ते ठरवून पाळण्याचं काम आहे.

आता कोटेशनमध्येच लिहिते: डोमेन क्लायंटच्या नावावर, नोंदणीच्या ईमेलचा पासवर्ड दोघांकडे. तळाला स्वतःचा नंबर टाकणं बंद केलं. आणि दर महिन्याला जुन्या क्लायंटच्या डोमेनच्या तारखा बघते. त्या कोणालाही बघता येतात. ज्यांनी मला सोडलं त्यांच्याही बघते आणि जवळ आली असेल तर फोन करते. माझी एक मैत्रीण याच धंद्यात आहे, ती चिडते. म्हणते, तू हे फुकट करतेस म्हणूनच लोक आम्हाला विचारतात पैसे कशाचे. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. सरांचंही नाही. गेल्या महिन्यात एकाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, पुन्हा एएमसी मागायला केलात का?" पुढच्या महिन्यात करेन की नाही, ठरवलेलं नाही.

भाच्याला ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. एका जुन्या साइटचा बॅकअप दिलाय आणि म्हटलंय, रिकाम्या सर्व्हरवर ही उभी करून दाखव, मग बोलू. एआयची मदत घेतली तरी चालेल. रविवारभर बसला होता. पानं उघडली, पण फोटो येत नाहीयेत, कारण डेटाबेसमध्ये जुना पत्ता तसाच आहे. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.