लघवीत पू, पण कल्चर कोरं: मूत्राशयाच्या टीबीचं निदान

लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पुवातल्या पेशी) भरपूर आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, मात्र काहीच वाढ नाही. माझ्या रिपोर्टांत हेच पुन्हा पुन्हा येत होतं. जळजळ, रात्री सारखं उठणं, पुढे पुढे लघवीतून रक्तही. दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स, थोडे दिवस बरं, की परत तेच. ‘बायकांना होतंच असं, पाणी जास्त पीत जा,’ हे तर किती जणांनी सांगितलं! खोकला नव्हता, छातीचा एक्स-रे चांगला होता, त्यामुळे टीबीचं नावही कुणी काढलं नाही.

शेवटी एका युरॉलॉजिस्टनी जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून वाचले. "ताई, पू आहे पण जंतू सापडत नाहीत, तर टीबी बघायलाच हवा." टीबीचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यांचं कल्चर वेगळं, त्याला काही आठवडे लागतात. शिवाय लघवीच्या इन्फेक्शनसाठी सर्रास देतात त्या लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या टीबीलाही तात्पुरतं दाबून ठेवतात आणि निदान लांबतं. मला त्याच गोळ्या मिळत होत्या. ही गोष्ट इतक्या उशिरा कळली, याचं अजून वाईट वाटतं.

मग रोज सकाळची पहिली लघवी तपासायला दिली. जंतू थोडे असतात, तेही अधूनमधूनच उतरतात, म्हणून एका नमुन्यावर भागत नाही. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, निगेटिव्ह आली. मी सुटकेचा श्वास टाकला, पण डॉक्टरांनी तेवढ्यावर टीबी नाही असं मानलं नाही. सीटी युरोग्राफीत (मूत्रमार्गाच्या सीटी स्कॅनमध्ये) उजव्या किडनीचा काही भाग खराब आणि मूत्रवाहिनी अरुंद दिसली. हा आजार बहुतेकदा आधी किडनीत असतो आणि तिथून खाली मूत्राशयात उतरतो. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या घेतलेल्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसतात तशा पेशींच्या बारीक गाठी, सापडले, आणि पुढे कल्चरही पॉझिटिव्ह आलं.

निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली, औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळाली: 2 महिने चार औषधं, नंतर 4 महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे, हे आधीच सांगितल्यामुळे घाबरले नाही. मूत्रवाहिनीत स्टेंटही (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घालावा लागला. जखम भरताना वण आकसून वाट बंद होऊ शकते, म्हणून गोळ्या संपल्या तरी सोनोग्राफी चालूच आहे.