टोकियोत उएनोला मुक्काम: दार, बॅग आणि बाथरूम

नरिता विमानतळावर उतरणाऱ्यांना स्वस्त मुक्कामासाठी उएनो सोयीचं. केसेई या खासगी रेल्वेची स्कायलायनर गाडी पाऊण तासात पोचवते. पण हॉटेलवाले ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ म्हणतात ते त्यांच्या सगळ्यात जवळच्या दारापासून. बरीचशी बिझनेस हॉटेलं पूर्वेला, हिगाशी-उएनोत. केसेईचं स्टेशन मात्र वेगळं आणि नेमकं दुसऱ्या अंगाला, बागेच्या पायथ्याशी. बॅगा ओढत निघालात की ५ मिनिटांची १५ होतात. त्यापेक्षा निप्पोरीला उतरा, सुइका या रिचार्ज होणाऱ्या प्रवास-कार्डावर जेआर रेल्वेच्या यामानोते लाइनने दोन स्टेशनं पुढे उएनोला या आणि जेआर स्टेशनच्या आसाकुसा किंवा इरिया दाराने बाहेर पडा. मधलं स्टेशन उगुइसुदानी. तिथे नकाशावर स्वस्त दिसणारी बरीच हॉटेलं तासांवर खोली देणारी असतात, हे कुटुंबाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

खोली ११ ते १३ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम १२०-१४० चौरस फूट. ‘सेमी-डबल’ पलंगाची रुंदी १२० ते १४० सेंटिमीटर. दोघांना झोपता येतं, कूस बदलता येत नाही. मोठ्या दोन बॅगा एकावेळी उघडत नाहीत, म्हणून एक पलंगाखाली सरकवायची. चेक-इन बहुधा दुपारी ३ नंतर. आधी पोचलात तर बॅगा काउंटरवर ठेवून घेतात. पासपोर्ट प्रत्येकाचा लागतो. रात्री उशिरा पोचणार असाल तर हॉटेलला आधी कळवा, नाहीतर ‘आलेच नाहीत’ म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं.

बाथरूम म्हणजे प्लास्टिकचा एकसंध डबा. बेसिन आणि टबाला मिळून बऱ्याचदा एकच नळ असतो, तो फिरवून घ्यायचा. शॉवरचा खटका आधीच्या माणसाने तसाच सोडलेला असला की तोंड धुताना डोक्यावर पाणी पडतं. तापमानाच्या चकतीवर ४० च्या पुढे जायला छोटं बटण दाबावं लागतं. पडदा टबाच्या आत सोडा. दार लावूनच आंघोळ करा. वाफेने खोलीतला आगीचा अलार्म वाजू शकतो. बादली-तांब्या विसरा. कमोडच्या पॅनलवर चौकोनाचं चिन्ह म्हणजे ‘बंद’. फवारा सुरू करण्याआधी ते शोधून ठेवलेलं बरं.

वीज १०० व्होल्ट, प्लग दोन चपट्या पात्यांचा. मोबाइलचा चार्जर अडॅप्टर लावून चालतो. घरून आणलेली २३० व्होल्टची किटली मात्र जेमतेम पाचव्या हिश्शाच्या ताकदीने तापते, पाणी उकळायची वाट बघत बसावं लागतं. किटली बहुतेक खोल्यांत असतेच, पाकिटातल्या पोह्या-उपम्याला तेवढी पुरे. खोलीत शिजवायला मनाई असते.

शाकाहारींनी नाश्त्याच्या मिसो सूपवर विसंबू नये. त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा, घेताना घटक वाचा. जेवायला अमेयोको बाजारातून चालत ओकाचिमाचीला जा. रत्नांच्या व्यापाऱ्यांमुळे तिथे भारतीय शाकाहारी जेवण मिळतं.

कपडे धुण्याचं यंत्र साधारण २०० ते ३०० येन, ड्रायर ३० मिनिटांना १०० येन. जीन्सला तीन फेऱ्याही लागतात. १०० येनची नाणी जमवून ठेवा आणि रात्री नऊनंतरची गर्दी टाळा.

पुढे क्योतोला जाणार असाल तर शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) उएनोहून नाही, टोकियो स्टेशनहून. यामानोतेने चौथं स्टेशन. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसकट आसन आधीच राखून ठेवा, नाहीतर गाडीत १००० येन भरावे लागतात.