चियांग माईचा सोंगक्रान: खंदकाचं पाणी आणि शिकेकाईचं पाणी

सोंगक्रान हा थायलंडचा नववर्षाचा सण, एकमेकांवर पाणी उडवण्याचा. 13 एप्रिलच्या दुपारी जुन्या शहराच्या थाफे वेशीपाशी सामान घेऊन उतरणाऱ्याला उत्तर थायलंडातलं चियांग माई पहिली सलामी देतं ती मानेवर ओतलेल्या बर्फगार पाण्याची. पाहुणा आहे, हातात बॅग आहे, म्हणून कोणी सोडत नाही. तेव्हा 12 तारखेच्या रात्रीपर्यंत खोलीवर पोचलेलं बरं. ते जमणार नसेल तर 13 ला सकाळी लवकर या, लोक न्याहारीत असतात तेव्हा.

जुनं शहर चौकोनी आहे, राजा मंगरायने 1296 साली वसवलेलं. चारही बाजूंना खंदक, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची. सणात हा खंदक म्हणजे सगळ्या गावाचा हौद. दोरीच्या बादल्या सोडून लोक पाणी उपसतात आणि समोरच्यावर फेकतात. खंदकाच्या बाहेरचा रस्ता घड्याळाच्या दिशेने एकेरी, आतला उलट. दोन्हींवर पाण्याची पिंपं भरलेले पिकअप मुंगीच्या चालीने सरकत असतात. पिंपात बर्फाची लादी असते, आणि ते पाणी खंदकाच्या पाण्यापेक्षा जास्त झोंबतं. शहरात फिरायचं तर पायीच. भाड्याची स्कूटर या दिवसांत घेऊच नये: ओला रस्ता, प्यालेले चालक आणि तोंडावर अचानक आदळणारी बादली.

खंदकाचं पाणी साचलेलं असतं. तोंड मिटून ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स खोलीवरच काढा, अंगावर उघडी जखम असेल तर खंदकाच्या काठापासून लांब राहा. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. लवकर वाळणारी हाफ पँट घाला. पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत, साध्या चपला गर्दीत वाहून जातात.

फोनच्या जलरोधक पाकिटाची परीक्षा आदल्या रात्री घ्या. आत टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच फोन आत जाईल. बहुतेक पाकिटं फाटत नाहीत, तोंडाच्या पट्टीत वाळूचा कण अडकतो आणि तिथून पाणी शिरतं. बर्फाच्या पाण्याने आतली दमट हवा थंड होऊन काचेवर वाफ धरते, म्हणून सिलिका जेलची एक पुडी सोबत टाका. ओल्या पाकिटावर बोटाचा स्पर्श नीट कळत नाही, फोटो आवाजाच्या बटणाने काढा. बॅगेला पावसाळी कव्हर घालून भागत नाही. पाऊस वरून येतो, बादली पाठीमागून. वस्तू आतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पासपोर्ट खोलीवर.

रंगपंचमीच्या सवयीने गुलाल नेऊ नका. इथे फक्त पाणी, आणि कुठे कुठे गालाला लावायचा पांढऱ्या मातीचा लेप; तोही विचारूनच. भिक्खू, तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि दुचाकीवाले यांच्यावर पाणी मारायचं नाही.

एवढंच पाहून परतणाऱ्याला निम्माच सण दिसतो, आणि माझ्या मते उरलेला निम्मा जास्त मोलाचा. सोंगक्रान म्हणजे आपलीच संक्रांत; आपली मकराची, यांची मेषेची. 13 ला वाट फ्रा सिंग मंदिरातली बुद्धमूर्ती रथातून मिरवते. पिंग नदीवरच्या नवरात पुलाकडून थाफे रस्त्याने मिरवणूक येते, आणि लोक मूर्तीवर सुगंधी पाणी घालतात. हे पाणी हलक्या हाताने वाहायचं असतं, पिचकारी खाली ठेवून. 14 ला देवळांत वाळू वाहून नेतात आणि तिचे छोटे स्तूप रचून वर कागदी पताका खोचतात: वर्षभर पायांना चिकटून देवळाबाहेर गेलेली वाळू परत करायची. त्या दिवशी भांडण आणि शिवीगाळ वर्ज्य.

15 तारीख घराघरातली. धाकटे वडीलधाऱ्यांपुढे पाण्याचं भांडं धरून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. वडीलधारे त्यात हात बुडवून आपल्याच डोक्याला लावतात आणि आशीर्वाद देतात. या पाण्यात घालतात त्या ‘सोम पोय’च्या शेंगा म्हणजे आपली शिकेकाई, जराशी भाजलेली. सोबत करडईच्या वाळक्या पाकळ्या. नहाणीघरातला तो ओळखीचा वास इथे देवळात येतो. हॉटेलच्या मालकीणबाईंनी ओंजळ पुढे केली तर पाणी तळहातांवर घाला, डोक्यावर नाही.

16 ला रस्ते वाळतात आणि घरोघरी कोवळ्या फणसाचं कालवण शिजतं. फणसाला तिथे ‘खनून’ म्हणतात, त्यातल्या ‘नून’चा अर्थ आधार देणं, नव्या वर्षाला पाठबळ मिळावं म्हणून ते खायचं. आपल्या कुयरीच्या भाजीची आठवण होईल, पण शाकाहारी असाल तर आधी विचारा: त्यात बहुधा डुकराच्या बरगड्या असतात.