एक्सेलमधलं मॉडेल आर भाषेत नेताना: माझा अनुभव

मधुमेहाच्या रुग्णांचे डोळे दरवर्षी तपासले, तर केलेल्या खर्चाच्या मानाने पदरात काय पडतं, हे सांगणारं आमचं मॉडेल कित्येक वर्षं एक्सेलमध्ये होतं. चार अवस्था: डोळे नीट, पडद्याला इजा, दृष्टी गेलेली, मृत्यू. सुरुवात वयाच्या चाळिशीला, पुढे चाळीस वर्षं, दरवर्षी एक आवर्तन. मागच्या जूनमध्ये ते आर या प्रोग्रामिंगच्या भाषेत न्यायचं ठरलं आणि फोंड्यातल्या घरी बसून गणेश चवथीपर्यंत मी तेच केलं.

अनिश्चितता तपासायची तर शक्यता बीटा वितरणातून, खर्च गॅमा वितरणातून (आकडा कुठे, किती वेळा पडू शकतो हे सांगणारी ही गणिती सूत्रं) नव्याने उचलत मॉडेल हजारदा चालवावं लागतं. एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे आत लिहिलेला छोटा प्रोग्राम, त्यासाठी डेस्कटॉप अडवून बसायचा, आणि पावसात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आरमध्ये तेच काम चहा उकळायच्या आत होतं.

सुरुवातीला मी एकेका सेलचं सूत्र कोडमध्ये उतरवत गेले. आठवड्याने मलाच ते वाचता येईना. मग सगळं पुसलं, कागदावर चार गोल आणि बाण काढले आणि त्या चित्रावरून नव्याने लिहिलं. चार बाय चारचं संक्रमणाचं कोष्टक, म्हणजे वर्षभरात एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या शक्यता, प्रत्येक ओळीची बेरीज 1. एक्सेलमध्ये 160 सेलांत पसरलेला गुणाकार कोडच्या एका ओळीत मावला.

खरं काम त्यानंतरचं. दोन्हीकडची क्वाली, म्हणजे जीवनमानाच्या गुणवत्तेने तोललेली वर्षं, दुसऱ्या दशांश स्थळी वेगळी येत होती. राऊंडिंगचा फरक म्हणून सोडून द्यायचा मोह झाला. पण एक्सेल आणि आर दोघेही साधारण 15 अंकांच्या अचूकतेने हिशेब करतात. दुसऱ्या स्थळी फरक पडला तर कुठेतरी चूक असते, हे धरूनच चालावं.

म्हणून दोन्ही तक्ते शेजारी ठेवून एकेक आवर्तन ताडलं. 0 ते 4 तंतोतंत. पाचव्यात फाटलं. मृत्युदर सरकारच्या नमुना नोंदणीच्या आयुर्मान तक्त्यातून घेतलेले, पाच-पाच वर्षांच्या गटांत. आर मोजणी 1 पासून करतं, आमच्या शीटची पहिली ओळ मात्र आवर्तन 0. त्यामुळे माझ्या कोडमध्ये 44 वर्षांच्या माणसाला 45 च्या गटाचा दर लागत होता. चूक माझी. सुधारली.

आता तिसाव्यापर्यंत जुळलं आणि 31 ला परत फाटलं. शीटमध्ये 70 वर्षांच्या ओळीतल्या मृत्युदराच्या सेलवर टिचकी मारली, तर वर सूत्र नाही, नुसता टाइप केलेला आकडा. कुणीतरी कधीतरी काही करून पाहिलं असेल आणि परत फिरवायचं राहिलं असेल. तो आकडा खऱ्या दरापेक्षा जास्त होता. माझी चूक कोडमध्ये आयुष्य घटवत होती, ही शीटमध्ये घटवत होती, म्हणूनच शेवटचा फरक इतका किरकोळ दिसत होता. नुसती बेरीज ताडली असती तर दोन्ही चुका एकमेकींच्या आड लपून राहिल्या असत्या. या शीटवरून आधी दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष बदलला नाही, पण आकडे बदलले. दुरुस्तीचं पत्र आम्ही पाठवलं. ते लिहिताना हात जड झाला होता.

राहिला प्रश्न आमच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरबाईंचा. त्या पणजीहून फोनवर म्हणाल्या, "गो बाय, कोड तुझ्याकडे ठेव. माझे आकडे मात्र मला दिसायला हवेत." बरोबरच होतं त्यांचं. तपासणीचा खर्च, रुग्ण किती येतात, हे ज्याला ठाऊक त्यालाच ते तपासता यायला हवं. म्हणून इनपुटचं एक शीट एक्सेलमध्येच ठेवलं. कोड तिथून आकडे उचलतो आणि ओळींची बेरीज 1 नसेल तर जागीच थांबतो. यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे ते जिथून निघतात तो सुरुवातीचा आकडा, ठरवून दिलंय, त्यामुळे त्यांच्याकडे आणि माझ्याकडे उत्तर एकच येतं.

परवा त्यांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची किंमत बदलून फाइल पाठवली. जुनं शीट मी कुलूप लावून तसंच ठेवलंय, 70 च्या ओळीतला तो सेल पिवळा रंगवून.